दाखला कुणाच्या नावावर?

२५ डिसेंबर २०२५ ला नवी मुंबई विमानतळावरून प्रवासी विमानं उडू लागली. भूमिपुत्रांना तिथे नोकऱ्या द्या, ही मागणी त्याच्या कितीतरी आधीची आणि पूर्ण रास्त आहे. विमानतळासाठी दहा गावं उठली. त्यांतल्या काहींची घरं आमच्या करंजाड्याशेजारी वडघरला आली. पण या मागणीत बाईला जागा किती, हे कुणी बोलत नाही.

प्रकल्पग्रस्ताचा दाखला घरटी एक. तो बहुतेक घरांत मुलाच्याच नावावर निघतो. मुलगी पदवीधर असली तरी ‘ती काय, उद्या सासरी जाणार!’ महाराष्ट्रात १९९४ पासून वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क आहे. तरी संपादित जमिनीच्या मोबदल्यात मिळणाऱ्या साडेबावीस टक्क्यांच्या भूखंडाचा विषय निघाला की बहिणीपुढे हक्कसोडपत्र ठेवणारे भाऊ थोडे नाहीत.

आणि जिच्या घराला सातबाराच नव्हता ती? गुडघाभर चिखलात उतरून खुबे, निवटे काढायचे, पाटी डोक्यावर घेऊन पनवेलच्या बाजारात बसायचं, ही तिची रोजी. खाडीचा सातबारा तिच्या नावावर कधीच नव्हता. विमानतळासाठी खाडीत भराव पडला, रोजी गेली, आणि कागदोपत्री तिचं काहीच बुडालं नाही. हा सरळ अन्याय आहे.

दाखल्यावरचं पाच टक्के आरक्षण सरकारी नोकरीपुरतं. ठेकेदाराला त्याचं बंधन नाही. बाईला काम मिळालंच तर बहुधा सफाईचं, तेही ठेक्यावर. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू आहेत. त्यांनुसार बाईची संमती असेल तर तिला रात्रपाळी देता येते, पण तिच्या सुरक्षिततेची जबाबदारी मालकाची. पहाटे तीनला पाळी सुटली आणि करंजाड्यात दारापर्यंत सोडणारी गाडी नसली, तर घरचे महिनाभरात काम सोडायला लावतात. मग ठेकेदार म्हणायला मोकळा, बायका टिकत नाहीत.

जानेवारी १९८४ मध्ये भूमिपुत्रांचे नेते दि. बा. पाटलांच्या जमिनीच्या लढ्यात पाच जण हुतात्मा झाले. त्या लढ्यात बायकाही रस्त्यावर होत्या. आता दहा गावांतल्या किती बायका विमानतळावर कामाला आहेत, कुणाच्या हजेरीपटावर, किती पगारावर, हा हिशेब सिडकोने आणि विमानतळ चालवणाऱ्या कंपनीने दर सहा महिन्यांनी गावांपुढे मांडावा. पुढच्या मोर्चाच्या निवेदनात ही मागणी पहिली लिहा, आणि निवेदन द्यायला जाणाऱ्या शिष्टमंडळात निम्म्या बायका न्या.