नॉर्वेच्या प्रतिनिधीला दुधी नको

माझ्या भाचीच्या शाळेत 21 क्लब आहेत आणि त्यांतल्या एकाच्याही उद्घाटनाला मला बोलावलेलं नाही, हे कळल्यापासून मी शिक्षणव्यवस्थेचा फार गंभीरपणे विचार करू लागलो आहे.

रोबोटिक्स आहे, ड्रोन आहे, थिएटर आहे, हेरिटेज आहे, इको आहे. शेअरबाजार समजावणारा एक क्लब आहे आणि मन शांत कसं ठेवावं हे शिकवणारा एक. या दोघांच्या खोल्या शेजारीशेजारी आहेत, ही मात्र शाळेची दूरदृष्टी. जूनमध्ये पालकांच्या मोबाइलवर फॉर्म येतो, त्यात पसंतीक्रमाने तीन नावं भरायची, आणि फॉर्म उघडता उघडता रोबोटिक्स भरून जातं. तत्काळ तिकिटांचा सराव असलेल्या घरांतली मुलं तिथे लागतात. ताईला तो सराव नाही. म्हणून भाची दुसऱ्या पसंतीला, म्हणजे मॉडेल युनायटेड नेशन्सला गेली आणि तिथे नॉर्वे झाली.

या एमयूएनमध्ये आपल्या देशाचा प्रतिनिधी म्हणून बोलायचं असतं आणि ‘मी’ म्हणायला बंदी असते. सवय व्हावी म्हणून भाची हा नियम घरीही पाळते. परवा जेवताना जाहीर झालं, “नॉर्वेच्या प्रतिनिधीला दुधी नको आहे.”

ताई म्हणाली, “नॉर्वेला सांग, पानात पडलंय ते संपवायचं. या घरात नकाराधिकार एकाच देशाला आहे.”

मला तो ‘मी’बंदीचा नियम झोंबला. मराठी ललितलेखकांना कुणी तो लावला तर दिवाळी अंक निम्म्या जाडीचे होतील. माझा लेख तर शीर्षकापाशीच आटोपेल.

आमच्या डोंबिवलीच्या शाळेत पर्याय तीनच होते. एनसीसी, स्काउट आणि आरएसपी. निवडही आमची नसे. रांगेत उभं करून सर मोजत जात आणि ज्याच्या वाट्याला जे येईल ते त्याचं. माझ्या वाट्याला आरएसपी आलं, रोड सेफ्टी पेट्रोल. हे जरा सविस्तर सांगू द्या, कारण ताईकडे हा विषय काढला की सगळे एकदम उठून भांडी आवरायला लागतात.

खांद्याला दोरी, दोरीच्या टोकाला शिट्टी आणि शिट्टी खिशात. फुंकायची नाही, कारण मैदानाला लागून पाचवीचे वर्ग. मैदानावर फक्कीने चौक आखलेला, त्याच्या मधोमध मी, आणि बाकीची मुलं म्हणजे वाहनं. समोरून येणाऱ्याला थांबवायचं तर उजवा तळवा पुढे. मागून येणाऱ्याला थांबवायचं तर डावा हात आडवा. दोघांनाही थांबवायचं तर दोन्ही हात एकदम. वर्गातला सगळ्यात दणकट मुलगा कायम ट्रक असे. तो तोंडाने इंजिनाचा आवाज काढत यायचा आणि माझ्या तळव्यापाशी थांबायचं सोडून मला घेऊनच पुढे जायचा. सर म्हणायचे, “त्याचे ब्रेक फेल आहेत असं समज आणि पुन्हा कर.” मी उठून पुन्हा करायचो. वर्षअखेरीला प्रमुख पाहुण्यांसमोर प्रात्यक्षिक झालं, तेव्हा मात्र तो ट्रक माझ्यासमोर असा काही जागच्या जागी थांबला, की त्या दिवशी माझ्या नजरेत काहीतरी होतं असं मी आजही मानतो. (पाहुण्यांसाठी बटाटेवडे आले होते आणि त्याचं लक्ष तिकडे गेलं, असं तो ट्रक सांगतो. हल्ली तो बँकेत असतो. बँकेतल्या माणसांचं किती मनावर घ्यायचं?)

ही विद्या पुढे कधीतरी कामी येईल अशी माझी खात्री होती. मध्यंतरी ताईकडे, ठाण्याच्या घोडबंदर रोडवर कासारवडवलीला निघालो होतो, तर मानपाड्याला सिग्नल बंद. मेट्रोच्या खांबांच्या दोन्ही अंगांना वाहनंच वाहनं. माझ्यातला आरएसपी जागा झाला. रिक्षातून उतरलो, चौकात उभा राहिलो, छाती पुढे काढली, डावा हात आडवा केला. तेव्हा ध्यानात आलं, की आमच्याकडून घोटून घेतलेले इशारे बहुतेक सगळे वाहनं थांबवायचे होते. इथे ती आपली आपणच थांबली होती. एक दुचाकीवाला मुलगा जवळ येऊन आपुलकीने म्हणाला, “काका, ओला शोधताय का? मागे अडकलीय.”

तर, बोलावणं अखेर आलं. मराठी क्लबचं. रोबोटिक्ससारखी तिथे झुंबड नसते. तिन्ही पसंत्या हुकलेली मुलं तिथे येतात, शिवाय मनापासून आलेल्या दोघी. ‘लेखकाची जडणघडण’ हा विषय मीच सुचवला. झब्ब्याला इस्त्री केली. भाचीने ओळख करून दिली, “हे माझे मामा. हे लिहितात. पेपरात त्यांची पत्रं येतात, टँकरच्या पाण्याबद्दल.” टाळ्या झाल्या. घोडबंदर रोडवर टँकर हा विषय ललितलेखापेक्षा मोठा आहे, हे मला मान्य आहे. मी सुरुवात केली. माझ्या जडणघडणीत मी अजून सहावीतच होतो, शाळेच्या भित्तिपत्रकात माझी पहिली कविता लागायची होती, आणि घंटा झाली. मुलांनी वाक्य संपायची वाट पाहिली, हे त्यांचे संस्कार. पण हात दप्तरांवर होते. 2:40ला बस सुटते.

मला राग आला. थोडा माझ्या अर्धवट भाषणाचा होता, नाही कशाला म्हणू? बाकीचा त्या बसचा. आमच्या चित्रकलेच्या सरांनी शाळा सुटल्यावर किती संध्याकाळी आमच्यापायी घालवल्या! एलिमेंटरी-इंटरमिजिएटची स्मरणचित्रं, भित्तिपत्रकाची सजावट, एकांकिकेचा पडदा, सगळं शाळा सुटल्यावर. त्या वेळेला नाव नव्हतं, तासिका नव्हती, हजेरी नव्हती. घरं चालत जायच्या अंतरावर होती, त्यामुळे उशीर झाला तर आई फार तर गॅलरीत येऊन उभी राहायची. आता इंटरमिजिएटच्या ए ग्रेडला दहावीत 7 गुण मिळतात, बीला 5, सीला 3. (त्या हिशेबाने माझे 3 गुण सरकारकडे थकले आहेत.) गुण आले, फॉर्म आले, 21 क्लब आले आणि तो मोकळा वेळ मात्र या घोडबंदर रोडने खाल्ला. मराठी क्लबच्या मॅडमना मुलांचं एक नाटुकलं बसवायचं आहे. त्या मिरा रोडहून येतात, गायमुखचा घाट ओलांडून. तालमीला थांबा असं त्यांना कुठल्या तोंडाने म्हणायचं? आणि थांबवलेल्या मुलांना घरी कोण पोहोचवणार?

इको क्लबच्या खिडकीतून येऊरचा डोंगर दिसतो. बिबट्यांचा, शंभराहून अधिक चौरस किलोमीटरच्या राष्ट्रीय उद्यानाची ठाण्याकडची बाजू. क्लबमध्ये खिडकीचे पडदे ओढून त्याच डोंगराच्या स्लाइड दाखवतात, कारण जाऊन-येऊन 2:40 गाठणं जमत नाही. हेरिटेज क्लबचं तेच. ज्या किल्ल्याच्या गावावरून रस्त्याला नाव पडलं तो घोडबंदरचा किल्ला याच रस्त्याच्या टोकाला आहे. पोर्तुगीजांनी बांधला, चिमाजी अप्पांच्या मोहिमेत 1737 साली मराठ्यांनी घेतला. मुलं अजून तिथे पोहोचलेली नाहीत. चिमाजी अप्पांची फौज कंटेनरच्या रांगेमागे उभी राहिली असती तर किल्ला आजही पोर्तुगीजांकडे असता.

त्या दिवशी शाळेतून निघालो तो थेट भाचीच्या बसशेजारीच येऊन अडकलो. या रस्त्यावर अवजड वाहनांना अनेक वर्षं दुपारी 12 ते 4 मुभा होती, त्यामुळे न्हावाशेव्याहून गुजरातेकडे निघालेले कंटेनर आणि शाळेच्या बसगाड्या यांची जुनी ओळख आहे. पातलीपाडा दिसत होतं, येत नव्हतं. बसच्या खिडकीतून आरडाओरडा ऐकू आला. भांडण म्हणावं तर त्यात शिस्त होती. जाळीतून पाहिलं. दुसरीतला एक चिमुरडा मांडीवर वही घेऊन लिहीत होता, आठवीतली मुलगी त्याला अक्षरं सांगत होती आणि पुढचे दोघे ट्रकच्या पाट्या वाचत होते. जीजे, आरजे, एचआर. नागालँडच्या ट्रकला पाच गुण होते, ते पूर्वी दहा होते. नागालँडचे फार येतात असं दिसल्यावर मतदान घेऊन कमी केले. वर्गात ज्याचा आवाज कुणी ऐकलेला नाही, असं भाचीने एका मुलाबद्दल सांगितलं होतं. तो उभा राहून गुजरातेतल्या आरटीओंचे आकडे क्रमाने म्हणत होता आणि सगळे गप्प बसून ऐकत होते. वाद झाला तर निकाल बसमधल्या मावशींचा. त्यांचा शब्द अंतिम.

या क्लबचा फॉर्म कुणाला आलेला नाही. मी रिक्षातून अर्धा बाहेर आलो आणि म्हणालो, “मलाही घ्या की! मी आरएसपीत होतो.”

बसमध्ये सल्लामसलत झाली. भाचीने विचारलं, “मामा, एमएच 48?”

“वसई!” मी छाती पुढे काढली.

“डीएन 09?”

मी आभाळाकडे पाहिलं. मग रिक्षावाल्याकडे पाहिलं. तो म्हणाला, “सिल्वासा,” आणि बसमधून त्याच्यासाठी टाळ्या झाल्या.

मी सावरून बसलो आणि पुढच्या प्रश्नाची वाट पाहू लागलो. तेवढ्यात मावशींनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

“ओ दादा,” त्या म्हणाल्या, “रिक्षा जरा मागे घ्यायला सांगा. पोरांना नंबर दिसत नाही.”