कंट्रोलवाले राव

तंजावूरच्या राजवाड्याजवळच्या गल्लीत एखादे गृहस्थ दाराला कुलूप लावतात, ओढून बघतात आणि मग बायकोलाही ओढायला लावतात, असं दिसलं तर ते कंट्रोलवाले राव समजावेत. लावणारा एक, तपासणारा दुसरा!

इथल्या मराठी माणसाला तमिळ शेजारी राव किंवा रायर म्हणतात. ‘कंट्रोलवाले’ ही पदवी धंद्याची, म्हणजे ऑडिटची. 2013 च्या कंपनी कायद्याच्या कलम 143 मुळे आकडे बरोबर आहेत एवढं सांगून ऑडिटर सुटत नाही. आकडे चुकू नयेत म्हणून कंपनीनं काय बंदोबस्त, म्हणजे ‘कंट्रोल’, केलाय आणि तो खरोखर चालतो का, यावरही त्याला मत द्यावं लागतं (लहान खाजगी कंपन्यांना 2017 पासून यातून सूट आहे, रावांना ती मंजूर नाही). सत्यम कंपनीच्या ताळेबंदातले पाच हजार कोटी मुळात बँकेत नव्हतेच, हे 2009 साली कळलं, तेव्हापासून रावांचा आवाज चढला आहे.

भाताच्या गिरणीत शिरल्यावर चोरी झाली का, असं राव विचारत नाहीत. “झाली असती तर कोणाला कळलं असतं?” असं विचारतात. मालक कौतुकानं म्हाताऱ्या कणक्कुपिळ्ळैंना, म्हणजे हिशेबनिसांना, पुढे करतात. “तीस वर्षांत एक रजा नाही!” राव लाल शाईनं लिहून घेतात : तीस वर्षांत एक रजा नाही. पावती हेच फाडतात, बँकेत हेच भरतात, पासबुकही हेच ताडून बघतात. म्हातारा सोन्यासारखा आहे, हे रावांनाही मान्य. “पण उद्या तो आजारी पडला की सोनं कोण मोजणार?”

मग व्हाउचरं निघतात. सही आहे? आहे. तारीख? नाही. म्हणजे सही पैसे जाण्याआधीची की नंतरची? मालक आठवड्याचा गठ्ठा शनिवारी एका बैठकीत उरकतात, हे कॉफी यायच्या आत बाहेर येतं. कॉफी रावांना कधीच गोड लागलेली नाही.

पानावर बसल्यावरही तेच. सांबार हे नाव संभाजीराजांवरून पडलं, असं पाहुणा म्हणाला की राव सरस्वती महाल ग्रंथालयाकडे बोट दाखवतात. मोडी कागदांचे रुमाल पडलेत, दाखला काढा आणि मग वाढून घ्या.

पाहुण्याला ते मोठ्या देवळात मात्र आवर्जून नेतात. राजराज चोळानं देवाला दिलेले दागिने तिथल्या शिलालेखांत वजनासकट नोंदलेले आहेत. वजन कोणत्या मापानं केलं तेही लिहिलंय, आणि कुठे कुठे तर दोरा वगळून! राव दगडावरून हात फिरवतात. त्याच देवळात सरफोजीराजांनी 1803 साली भोसल्यांचा इतिहास मराठीत कोरून घेतला. पाहुण्याची छाती फुगते. राव चष्मा पुसतात. “घराण्याचा इतिहास घराण्यानंच लिहवून घेतला. तपासला कोणी?”

चोळ पास. भोसले, शेऱ्यासह.