रात्री सव्वाअकराच्या दयाळू फोनकर्त्यांस

श्रीयुत किंवा श्रीमती (आपण नाव सांगितलं नाहीत),
मुक्काम सांताक्रूझ, पूर्व किंवा पश्चिम

स. न. वि. वि.

काल रात्री आपला फोन आला. ‘मांजरवाल्या मॅडम ना? आमच्या गेटपाशी एक पिल्लू पडलंय, डोळेच उघडत नाही. मला नाही बघवत हो!’ आपलं मन हळवं आहे हे आवाजावरूनच कळलं. मग आपण फोटो पाठवलेत, एक व्हिडिओ पाठवलात (त्याला मागे बासरी लावायची कल्पना आपलीच ना?), लोकेशन पाठवलंत, ‘प्लीज काहीतरी करा’ असं लिहून हात जोडलेत आणि फोन बंद करून झोपलात. दुसऱ्याचं दुःख बघून माणूस दमतोच.

हे पत्र आभाराचं आहे. खुलं एवढ्यासाठी की आपल्यासारखे दयाळू लोक वाकोल्यापासून खिरानगरपर्यंत पुष्कळ आहेत आणि प्रत्येकाला वेगळं लिहायला मला सवड नाही. आईविना आलेल्या पिल्लांना रात्रीसुद्धा दर दोन-तीन तासांनी पाजावं लागतं.

आपण स्वतः पिल्लू का उचललं नाहीत, असं विचारायचा आगाऊपणा मी करणार नाही. कारणं मला पाठ आहेत. सासूबाईंना अ‍ॅलर्जी आहे. पहाटेची फ्लाइट आहे (विमानतळ शेजारी असल्यामुळे ही सबब आपल्याकडे विशेष शोभते). आणि आम्ही प्युअर व्हेज आहोत. हे शेवटचं मला अजून उमगलेलं नाही. पिल्लू शिजवायचं नव्हतं, डॉक्टरकडे न्यायचं होतं. शिवाय पाऊस होता, हेही मान्य. २६ जुलै २००५ ला आपल्याच सांताक्रूझच्या वेधशाळेनं ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदवला, त्या दिवशी माणसं छातीभर पाण्यातून चालत घरी गेली. कालची रिमझिम त्या मानानं फारच जीवघेणी. मांजराच्या गळ्यात घंटा कोणी बांधायची हा प्रश्न उंदरांना पडला होता. आपण अजून मांजराला उचलायचं कोणी इथेच अडलो आहोत.

तर ते पिल्लू. आपण पुढे विचारलं नाहीत, तरी सांगते. त्याला मांजरांचा फ्लू झाला होता. माणसाचा फ्लू नव्हे. हा हर्पीस आणि कॅलिसी नावाच्या विषाणूंचा, एका मांजराकडून दुसऱ्याला होणारा. पापण्या पिवळ्या पुवानं घट्ट चिकटलेल्या. अशा वेळी कोमट पाण्यात कापूस भिजवून पापणीवर नुसता धरून ठेवायचा, ओढायचा नाही. हळूहळू खपली मऊ पडून सुटते, कोपऱ्यातून पांढरट पडदा अर्ध्यावर आलेला दिसतो, आणि मागचं बुबुळ शाबूत आहे की गेलं ते तेव्हा कळतं. मग मलम. मग दुसरा डोळा. मग नाक. मांजर वासावर खातं. नाक चोंदलं की समोर बांगडा ठेवला तरी तोंड फिरवतं. म्हणून बाथरूमचं दार लावून घ्यायचं, गरम पाण्याची बादली भरायची आणि त्या वाफेत पिल्लाला मांडीवर घेऊन बसायचं. नाक मोकळं झालं की उकडलेला मासा कोमट करून बोटानं टाळूला लावायचा. चाटलं, तर रात्र सत्कारणी लागली.

आपण अगदीच काही केलं नाहीत, असं मात्र म्हणवत नाही. फ्रिजमधल्या गार दुधाची बशी आपण ठेवलीत. गार पडलेल्या पिल्लाला आधी ऊब द्यायची असते, पोटात घालायचं ते नंतर. आणि गाईचं दूध बहुतेक मांजरांना पचत नाही, जुलाब होतात. पण बशी फोटोत छान दिसत होती. आपल्याहून उत्साही लोकही मी पाहिले आहेत. एका सद्गृहस्थांनी अंग गरम लागलं म्हणून बोक्याला पॅरासिटामॉलची गोळी कुस्करून दिली. माणसाचं यकृत ज्या रसायनाच्या मदतीनं हे औषध निकामी करतं, ते मांजरात जवळजवळ नसतंच. रक्त तपकिरी होतं, प्राणवायू वाहून नेऊ शकत नाही, हिरड्या काळपट पडतात. अर्धी गोळीसुद्धा मोठ्या मांजराचा जीव घेऊ शकते. जखमेवर फिनेल ओतणारे स्वच्छताप्रेमीही आहेत. तेही विष मांजराच्या यकृताला उतरवता येत नाही. आणि कुत्र्याच्या गोचिडांचं परमेथ्रिनवालं औषध ‘तेवढंच उरलं होतं’ म्हणून मांजराच्या मानेवर घालणारे काटकसरी लोक, ज्यांच्यामुळे मला मांजराला आकडी येते म्हणजे काय ते बघायला मिळालं.

मागे आपल्यापैकीच कोणी रागानं थरथरत कळवलं होतं की आमच्या वाडीत एक विकृत माणूस मांजरांच्या कानांची टोकं कापतोय, पोलिसांत जा. तो विकृत माणूस म्हणजे नसबंदी करणारा डॉक्टर. हे मांजर झालेलं आहे, पुन्हा पकडू नका, अशी ती खूण. चार-पाच महिन्यांची मांजरी गाभण राहू शकते आणि दोन महिन्यांत विते, तेव्हा कापलेले कान जितके दिसतील तितके आपले फोन कमी होतील. म्हणून कापलेला कान दिसला की मला बरं वाटतं.

दाराशी खोका ठेवून जाणाऱ्यांचे आभार मात्र वेगळे मानायला हवेत. ऑनलाइन खरेदीचा रिकामा खोका, आत वळवळणारी पिल्लं आणि ‘आईनं टाकून दिली’ अशी चिठ्ठी. मांजर पिल्लांना सात घरं फिरवते हे आपल्या आजीला ठाऊक होतं. एकेक उचलून नेताना उरलेली काही वेळ एकटी असतात. तेवढ्यात आपली दया जागी होते आणि आई बिचारी परत येऊन रिकामा जिना हुंगत बसते. पिल्लं गुबगुबीत, गप्प झोपलेली असतील तर दुरून दोन-चार तास वाट बघायची. जनावराला उपासमार होईल अशा रीतीनं सोडून देणं हा १९६० च्या कायद्यानं गुन्हा आहे. घाबरू नका, पहिल्या वेळचा दंड दहा ते पन्नास रुपये आहे. रिक्षाचं किमान भाडंच २०२५ मध्ये २६ रुपये झालं. डॉक्टरकडे नेण्यापेक्षा गुन्हा स्वस्त पडतो.

‘एकच तर आहे, तुमच्याकडे इतकी आहेत, त्यात एक’ हेही आपण म्हणाला होतात. मांजरांचा पार्वो, डॉक्टर ज्याला पॅनल्युकोपेनिया म्हणतात, जमिनीवर, टॉवेलवर, चपलेच्या तळव्याखाली वर्षभर टिकू शकतो. लस न घेतलेली पिल्लं त्यात पटापट जातात. साध्या साबणानं तो मरत नाही, ब्लीच लागतं. त्यामुळे नवीन आलेल्या प्रत्येक ‘एका’ला वेगळी खोली हवी. माझ्या फ्लॅटमध्ये वेगळी खोली म्हणजे संडास.

याच शहरात १८३२ साली भटकी कुत्री मारण्याच्या सरकारी मोहिमेविरुद्ध पारशी मंडळींनी दंगल केली होती; लष्कर बोलवावं लागलं. दीनशा पेटिटांनी पत्नी साकरबाईंच्या नावानं परळला जनावरांचं इस्पितळ उभं केलं, तेच आपलं बैलघोडा हॉस्पिटल. एकोणिसाव्या शतकापासून आजतागायत चालू आहे. २०२४ मध्ये महालक्ष्मीला टाटांनी लहान प्राण्यांसाठी इस्पितळ काढलं. तेव्हा मुंबईत दयेचाही तुटवडा नाही आणि इस्पितळांचाही. तुटवडा आहे तो गेटपासून इस्पितळापर्यंत मांजर घेऊन जाणाऱ्या माणसाचा.

म्हणून विनंती एवढीच. पुढच्या वेळी जाड टॉवेल टाकून पिल्लू उचला, भोकं पाडलेल्या खोक्यात ठेवा, शेजारी कोमट पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून ठेवा आणि रिक्षाला हात करा. कुठल्या डॉक्टरकडे जायचं, काय विचारायचं, पिल्लू रात्री कुठे ठेवायचं, सगळं मी सांगेन, कितीही वाजले असले तरी. फोन फक्त रिक्षात बसल्यावर करा.

कळावे, लोभ आहेच, तो मांजरांकडे थोडा वळवावा.

आपली,
मांजरवाली मॅडम

ता. क. उचलताना नख किंवा दात लागलाच, तर जखम साबणानं वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी रेबीजची लस घ्या. महापालिकेच्या रुग्णालयात ती फुकट मिळते. सांताक्रूझ पूर्वेला व्ही. एन. देसाई रुग्णालय आहे. जखमेचे फोटो मला पाठवू नका.