स्थळ

आमच्या साडूंनी दोन मुलींच्या लग्नात केली नव्हती तेवढी चौकशी केनियातल्या एका तंबूची केली. मुलींनी आपापलं जमवलं होतं, तेव्हा हात शिवशिवत राहिले असणार.

दोन वर्षं त्यांच्याकडे चहाला गेलं की बशीत चिवडा आणि मांडीवर आफ्रिका. वहीत रकाने आखलेले: तंबू किती, कुंपण आहे का, नदी किती पावलांवर, व्हरांड्याचं तोंड कुठे. सिंहाचा रकाना मला कुठे दिसला नाही.

"सिंह काय, सगळीकडे असतात हो, साडूभाऊ," ते म्हणाले. "मुद्दा स्थळाचा आहे."

स्थळ हा शब्द ते अगदी त्याच अर्थाने वापरत. बुफेला रांग लागणारा मोठा लॉज म्हणजे एकत्र कुटुंब, नको. आठ तंबूंचा कॅम्प म्हणजे सुटसुटीत घर. मसाई मारा राखीव क्षेत्राच्या आत उतरावं की शेजारच्या कॉन्झर्व्हन्सीत, यावर त्यांनी मला पाऊण तास धरून ठेवलं. कबूल करायला हवं, अभ्यास कच्चा नव्हता. राखीव क्षेत्र १,५१० चौरस किलोमीटरचं, पण रात्री गाडी फिरवायला बंदी. नाबोइशो, ओलारे मोतोरोगी या कॉन्झर्व्हन्सींमध्ये जमीन मसाई कुटुंबांची, कॅम्पवाले त्यांना भाडं देतात. तंबूंच्या संख्येला मर्यादा, त्यामुळे एका चित्त्याभोवती गाड्यांचं कोंडाळं होत नाही. शिवाय रात्रीही फिरता येतं.

"म्हणजे जागा सासऱ्यांची. घरजावईच की," मी म्हणालो.

हे त्यांना आवडलं नाही.

नाकारलेल्या स्थळांची पानंच वाचायला जास्त मजा. नैरोबीचं जिराफ मॅनर: न्याहारीच्या वेळी जिराफ खिडकीतून टेबलावर मान घालतात. शेरा, 'फार सलगी.' टांझानियातलं न्गोरोन्गोरो: विवराच्या काठावर, २,३०० मीटरच्या आसपास राहायचं आणि जनावरं बघायला सहाशे मीटर खाली उतरायचं. शेरा, 'हवा थंड, विहीर लांब.' सेरेंगेटीतले फिरते कॅम्प रानगव्यांसारख्या त्या विल्डबीस्टच्या कळपांमागे तंबू हलवत राहतात. वर्षाच्या सुरुवातीला वासरं जन्मतात तेव्हा दक्षिणेला न्दुतूकडे, पुढे उत्तरेला. शेरा, 'फिरतीची नोकरी.'

ट्रीटॉप्सवर मात्र त्यांचा खरा जीव होता. अॅबरडेअरच्या जंगलात, १९३२ साली झाडावर बांधलेलं. १९५२च्या फेब्रुवारीत राजकन्या एलिझाबेथ तिथे रात्रभर जनावरं बघत होती आणि तिकडे वडील वारले, ही राणी झाली. त्या मुक्कामाला खुद्द जिम कॉर्बेट हजर. घराण्याबद्दल प्रश्नच नव्हता. पण मूळ ट्रीटॉप्स १९५४ साली माऊ माऊ बंडात जळलं आणि आत्ताचं नंतर उभारलेलं, हे कळलं तसे साडू खचले.

"म्हणजे बिजवरच की हो!"

शेवटी पसंत पडलं ते नदीकाठचं, आठ तंबूंचं, बिनकुंपणाचं. ऑगस्टात आम्ही चौघं गेलो. नैरोबीच्या विल्सन विमानतळावरून छोटं विमान, माणशी सामान १५ किलो, तेही मऊ पिशवीत. साडूंची दुर्बीण आणि वही मेव्हणीच्या चार साड्यांच्या जागेवर बसली.

उतरल्या उतरल्या मेव्हणी आणि ही नदीकडे धावल्या. पाण्यात पाणघोड्यांच्या पाठी दिसत होत्या, धुवायला टाकलेल्या पातेल्यांसारख्या. साडू तंबूची चेन वरखाली करून बघत होते. मग नळ. मग तंबूपासून नदीपर्यंत पावलं मोजून आले.

"वहीत चाळीस आहेत, भरली एकतीस. फसवलं लेकाच्यांनी!"

कॅम्पच्या मॅनेजरने नियम सांगितला की अंधार पडल्यावर एकट्याने बाहेर पडायचं नाही, टॉर्च हलवली की अस्करी, म्हणजे पहारेकरी, न्यायला येईल. साडूंनी माझ्याकडे असं बघितलं, जणू कुंपण त्यांनीच उपटून टाकलं होतं.

मारा दीड हजार मीटरच्या वर, त्यामुळे ऑगस्टातल्या रात्री चांगल्याच थंड. जेवून परत आलो, अस्करीने दोन्ही जोड्यांना आपापल्या तंबूत सोडलं, दिवे मालवले, आणि शेजारून किंकाळी आली. साप! पांघरुणात साप! पाठोपाठ मेव्हणीचा शांत आवाज:

"अहो, साप एवढा गरम नसतो."

आपण जेवायला गेल्यावर कॅम्पची माणसं अंथरुणात गरम पाण्याची पिशवी ठेवून जातात. लोकरी खोळीतली. एवढ्या वहीत हा रकाना राहून गेला होता.

तासाभराने बाहेर गवत तुटायला लागलं. करकर नव्हे, जुनं जाड कापड कुणीतरी सावकाश फाडावं तसा आवाज, मधून मोठा सुस्कारा. दिवसभर पाण्यात पडलेला पाणघोडा रात्री चरायला वर येतो आणि चाळीसेक किलो गवत संपवतो. दीड टनांचा तो जीव आमच्या दोन तंबूंच्या मधोमध उभा होता आणि माझ्यात नि त्याच्यात होतं एक कापड. पलीकडून हलकी हाक आली.

"साडूभाऊ... जागे आहात?"

मी उत्तर दिलं नाही. नियमात बसत नव्हतं.

सकाळी साडू तंबूसमोरच्या पावलांच्या ठशांपासून आपल्या उशीपर्यंत मोजत होते. पाच भरली. डोळे तांबारलेले, दाढी वाढलेली. पण वहीत नवा रकाना आखून झाला होता. मेव्हणी चहा पीत होती. ती रात्रभर जाळीच्या खिडकीशी बसून बघत होती म्हणे.

"किती शहाणं जनावर," ती मला म्हणाली. "समोर आलं ते गवत खाल्लं. पलीकडचं कसंय म्हणून एकदाही चौकशी नाही, भाऊजी."

साडूंनी ऐकलं नसावं. ते शेजारच्या टेबलावरच्या जर्मन जोडप्याला, तुम्ही खरं म्हणजे कुठे उतरायला हवं होतं, ते इंग्रजीत समजावत होते. मग खुर्ची माझ्याकडे सरकवली, वहीचं कोरं पान काढलं आणि आवाज खाली आणला.

"बोट्स्वानाला एक आहे. ओकावांगोत. तंबू थेट पाण्यावर."