संत्रं ठेवून पाहा

आमच्या वस्तीत 'आय लुक फॉरवर्ड टू मीट यू' एवढं कोणी नुसतं पुटपुटलं, तरी कुठून तरी आयएनजी सर हजर होतात. हा माणूस तुमच्याकडेही असणारच. तुमचा कदाचित ऱ्हस्व-दीर्घवाला असेल, पत्रिकेतली वेलांटी चुकली की पंगतीत ज्याला घास उतरत नाही असा. आमचा 'टू'वाला आहे. इंग्रजीत 'टू', 'ऑफ', 'फ्रॉम', 'विदाउट' असलं प्रीपोझिशन आलं आणि त्यानंतर क्रियापद आलं, की त्याला आयएनजी लागलाच पाहिजे, हा सरांचा एककलमी कार्यक्रम. बाकी स्पेलिंग चुकवा, काळ चुकवा, कर्त्याचं कर्माशी भांडण लावून द्या. सर हसून सोडून देतील. 'इन्स्टेड ऑफ गो' म्हणालात की मात्र खुर्ची ओढून बसतात.

सर राहतात त्रिमूर्तीनगरात. शाळेत इंग्रजी शिकवत होते. निवृत्त झाले, म्हणजे पोरं सुटली आणि आम्ही सापडलो.

मागच्या मे महिन्यात पाण्याची बोंब झाली. नागपूरचा मे, पारा पंचेचाळिशीच्या पुढे, कूलरला पाणी नाही, टाकी कोरडी. सेक्रेटरींनी तातडीची सभा बोलावली आणि सभेला शोभावी म्हणून नोटीस इंग्रजीत काढली: सभासदांनी 'रिफ्रेन फ्रॉम वेस्ट वॉटर' करावं. सर उठले. आता टँकरचा विषय निघेल म्हणून सगळे सरसावून बसले.

"फ्रॉमच्या पुढे वेस्ट कसं काय? वेस्टिंग!"

सेक्रेटरी म्हणाले, "सर, अर्थ समजला ना जी?"

"अर्थ तर घसा कोरडा पडला तरी समजते. काहून, संत्रं ठेवून पाहिलं का?"

टँकरवाला गेटवर हॉर्न वाजवून वाजवून निघून गेला. सभेनं मात्र त्या दिवशी 'वेस्टिंग' एकमतानं मंजूर केलं.

हे संत्र्याचं प्रकरण सांगायलाच हवं, कारण ते टाळून सरांच्या फाटकावरून जाता येत नाही. "टू दोन आहेत बे," सर पोरांना सांगतात. "एक क्रियापदाचा नोकर. दुसरा खरा प्रीपोझिशन, त्याला पुढे नाम लागते. आता ओळखाचं कसं? टूच्या पुढे संत्रं ठेवून पाहा. 'आय वॉन्ट टू ऑरेंजेस.' जमते का? नाही जमत. मग तिथं साधं क्रियापद. 'आय लुक फॉरवर्ड टू ऑरेंजेस.' जमते ना? मग तिथं क्रियापदानं आयएनजी लावून, नाम होऊनच बसाचं."

युक्ती बिनतोड आहे, हेच आमचं दुःख. 'आय यूज्ड टू ऑरेंजेस' जमत नाही, म्हणून पूर्वी लवकर उठायचो ते 'यूज्ड टू गेट अप'. 'आय ॲम यूज्ड टू ऑरेंजेस' जमतं, म्हणून लवकर उठायची सवय आहे ते 'यूज्ड टू गेटिंग अप'. 'इन्सिस्ट ऑन', 'टायर्ड ऑफ', 'ऑब्जेक्ट टू', सगळीकडे संत्रं बसतं. आंबिया बहार असो की मृग, सरांचा माल बारमाही. नव्या चौकीदारानं हे वाक्य दिवसभर ऐकलं, त्याला वाटलं हा इकडचा दृष्ट काढायचा प्रकार असावा. त्यानं खरंच गेटच्या खांबावर संत्रं नेऊन ठेवलं. सर परत येताना ते सोलून खाऊन गेले.

ऐकणारा भला भेटला की सर खोलात शिरतात. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत हे दोन्ही टू एकच होते. टूनंतरच्या क्रियापदाला विभक्तीचा प्रत्यय लागायचा, तो पुढे झिजून गेला आणि नोकर टू वेगळा निघाला. एवढं सांगून सर असा उसासा टाकतात, की त्या वाटणीत त्यांचंही वावर गेलं असावं.

लग्नाची पत्रिका सरांना द्यायची की नाही, यावर वस्तीत घराघरांत खल होतो. एका घरानं दिली. पत्रिकेत 'वी लुक फॉरवर्ड टू सेलिब्रेट विथ यू' होतं. सरांनी ती लाल पेनानं दुरुस्त करून, वर 'चांगला प्रयत्न' असा शेरा मारून परत पाठवली; सोबत आहेराचं पाकीट. तरी मन भरलं नाही. रिसेप्शनला स्टेजवर जाऊन नवरदेवाच्या कानात म्हणाले, "टू सेलिब्रेटिंग."

नवरदेव पुण्यात इंजिनिअर. तो म्हणाला, "काका, आता छापून झालंय."

"लग्नही होऊन गेलं बाबू. आता दोन्ही निभवाचं आहे."

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबत निघते. पिवळी मारबत, काळी मारबत, मागे बडग्यांची रांग. ज्याचा राग असेल त्याचा पुतळा करायचा, रोगराई आणि इडापीडा घेऊन जा म्हणून ओरडायचं आणि वेशीबाहेर नेऊन जाळायचा. महागाईचा बडग्या निघतो, भ्रष्टाचाराचा निघतो. सरांनी एका वर्षी महालातल्या ओळखीच्या मंडळाला 'टू मीट'चा बडग्या काढायचा प्रस्ताव दिला. पोरांनी विचारलं, "सर, याचं तोंड कसं काढाचं?" सरांनी संध्याकाळपर्यंत विचार केला म्हणे.

गंमत म्हणजे हाच माणूस मराठी बोलतो ते अस्सल नागपुरी. 'मी बाजारात जाऊन राहिलो', 'पोट्टे अभ्यास करून राहिले'. तर्रीपोह्याच्या ठेल्यावर एका पुणेरी पाहुण्यानं त्यांना टोकलं, की 'जाऊन राहिलो' असं नसतं, 'जातो आहे' म्हणावं. आयुष्यभर जगाला टोकणारा माणूस आता स्वतः टोकला जातोय, म्हणून आम्ही प्लेटा खाली ठेवल्या. सर शांतपणे म्हणाले, "हे आमचं आयएनजी आहे. तुम्ही पोहे खा, गार होऊन राहिले." पाहुण्यानं निमूटपणे तर्री ओतून घेतली.

रोज सकाळी सर 'हितवाद' उघडतात, तोही लाल पेन घेऊनच. गोखल्यांच्या भारत सेवक समाजानं १९११ साली सुरू केलेलं हे इंग्रजी वर्तमानपत्र. सर यातूनच इंग्रजी शिकले. अग्रलेखात एकही आयएनजी चुकलेला सापडला नाही की त्यांना चहा बेचव लागतो. दुसरी निष्ठा रेन आणि मार्टिनच्या व्याकरणावर. त्यातला रेन मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यात होता आणि त्यानंच १९२४ साली 'बो जेस्ट' ही वाळवंटातल्या पलटणीची कादंबरी लिहिली, हे सर प्रत्येकाला सांगतात. "पलटणीत शिस्त कशी आली मग? प्रीपोझिशनमधून."

एवढं सगळं लिहिल्यावर आता काकूंनी, म्हणजे सरांच्या बायकोनं, सांगितलेलं न लिहिणं बरं दिसणार नाही. सर काटोलकडच्या खेड्यातले. घरात पहिला शिकलेला माणूस हाच. राज्यात पहिलीपासून इंग्रजी आली ती २००० साली; सरांच्या वेळी ती पाचवीत भेटायची आणि भेटली तशी अंगावर यायची. पहिल्या नोकरीच्या मुलाखतीला ते दुसऱ्याचा शर्ट घालून शहरात आले आणि म्हणाले, 'आय ॲम इंटरेस्टेड इन टीच.' समोरचे हसले. एकानं ते वाक्य शेजाऱ्याला परत म्हणून दाखवलं, मग तोही हसला. पुढचा एकही प्रश्न न विचारता सरांना जायला सांगितलं. काकू म्हणाल्या, "त्या दिवसापासून हे असंच सुरू आहे जी. पोरांवर कोणी हसू नये म्हणून आधी हेच रागावतात."

आपल्याकडे इंग्रजीच्या चुकांनाही जात असते. गाडीतून उतरणाऱ्याचं चुकलं, तर बिचारा घाईत होता. सायकलवरून उतरणाऱ्याचं चुकलं, तर त्याची लायकी निघते. सरांना हे बदलता आलं नाही. सायकलवरून उतरणाऱ्याचा आयएनजी पक्का करणं तेवढं त्यांच्या हातात होतं, आणि ते त्यांनी आपल्या ओसरीवर एक पैसा न घेता वर्षानुवर्षं केलं. अर्ज घेऊन पोरं यायची. कोणी वर्ध्याहून, कोणी उमरेडहून. अर्ज लाल होऊन जायचा आणि पोरगा काकूंच्या हातचा चहा पिऊन.

आता कोणी येत नाही. फोनच अर्ज लिहून देतो, आयएनजीसकट. मध्यंतरी एक पोरगा निव्वळ पाया पडायला म्हणून आला, सोबत अर्ज होता. सरांनी वरपासून खालपर्यंत वाचला, उलटून पाहिला. चूक नव्हती. "एवढं शुद्ध कोणाचं आहे हे?" त्यांनी विचारलं. पोरानं फोन दाखवला. सरांनी पेनाला टोपण लावलं आणि त्याच्या आईची तब्येत विचारली.

मग इस्त्रीवाल्याची मुलगी आली. नर्सिंग झालेली, एका दवाखान्यासाठी अर्ज, स्वतःच्या हातानं लिहिलेला. शेवटी ठसठशीत अक्षरात: 'लुक फॉरवर्ड टू जॉइन'. काकू सांगत होत्या, सरांचा चेहरा बक्षीस लागल्यासारखा झाला. त्यांनी लाल पेन काढलं. तर पोरगी म्हणाली, "पण सर, वर मी 'वॉन्ट टू जॉइन' लिहिलं, त्याला तुम्ही काही म्हटलं नाही. मग इथं काहून?"

किती वर्षांनी कोणी 'काहून' विचारलं होतं. सरांनी आत हाक मारून संत्रं मागवलं. दिवस संत्र्याचे नव्हते. काकूंनी लिंबू दिलं. शिकवणी दिवेलागणीपर्यंत चालली.

मुलीला नोकरी लागली. वस्तीनं पेढे खाल्ले आणि सरांविषयी दोन शब्द चांगले बोलली. त्याच आठवड्यात सेक्रेटरींनी ग्रुपवर टाकलं की समिती 'इज कमिटेड टू क्लीन द टँक'. रात्री दोन वाजता खाली उत्तर आलं: 'काका, टू क्लीनिंग. संत्रं ठेवून पाहा.' सर नव्हते, पोरगी होती. सर निदान दुपारी झोपतात, तेवढ्यात वस्तीला मनसोक्त इंग्रजी बोलून घेता यायचं. ही रात्रपाळीला जागी असते.