हप्त्याहप्त्याने चर्च

इंग्लंडहून पेणला आलेल्या भाच्याला जुनी चर्चं बघण्याचा नाद आहे हे कळलं, तेव्हा मामांच्या घरात मोठी अडचण झाली. पाहुण्याला गणपतीचे कारखाने दाखवायचे, पोह्याच्या पापडांचा पुडा हातात द्यायचा आणि गाडीत बसवायचं, ही पेणची ठरलेली पद्धत. चर्चची सोय तीत नव्हती.

"आपल्याकडे सिनेगॉग आहे," मामी म्हणाल्या. "ते चालेल का रे?"

भाच्याला मध्ययुगीन अँग्लिकन चर्च हवं होतं. केंब्रिजजवळ राहून तो लाडावला होता. तिथल्या सेंट बेनेट चर्चचा मनोरा सुमारे हजार वर्षांचा; तो धड उभा, त्यात घंटा, आणि खाली प्रार्थनाही चालू. मामांनी आयुष्यभर पेणच्या कोर्टात वकिली केलेली. त्यांनी लगेच हरकत घेतली. "आठव्या हेन्रीने पोपशी फारकत घेतली 1534 मध्ये. तोवर तुमची ती सगळी चर्चं कॅथलिक. म्हणजे इमारत जुनीच, फक्त सातबाऱ्यावरचं नाव बदललं." भाचा गप्प झाला. मुंबईचं सेंट थॉमस 1718 चं, कुलाब्याचं अफगाण चर्च 1858 चं. "कुलाबा म्हणजे आपलाच की जिल्हा," मामी म्हणाल्या. 1981 पर्यंत रायगडाचं नाव तेच होतं खरं, पण चर्च मुंबईच्या कुलाब्यात आहे.

शेवटी रोह्याहून मामींचे बंधू आले. रोह्याच्या माणसाशी कुठल्याही विषयावर बोला, दहा मिनिटांत चिंतामणराव देशमुख येतातच. इथे पाचच लागली. "आमचे सी. डी. केंब्रिजला जीझस कॉलेजात होते. त्या कॉलेजचं चॅपल म्हणजे बाराव्या शतकातल्या जोगिणींच्या मठाचं चर्च. तेव्हा मध्ययुगीन चर्च रोह्याने केव्हाच बघून ठेवलंय. आता तुम्ही रेवदंड्याला चला."

अलिबागमार्गे गाडी रेवदंड्यात शिरली. इथला पोर्तुगीज कोट 1524 च्या सुमारास पुरा झाला. म्हणजे हेन्रीच्या फारकतीच्याही आधी. कोटाच्या आत गाव आहे आणि गावात नारळी-पोफळीच्या वाड्या. त्यामुळे चर्च बघायचं तर कुणाच्या तरी वाडीतून, शिंपण्याचे पाट ओलांडत जावं लागतं. सातखणी बुरूज, म्हणजे फ्रान्सिस्कन मठाच्या चर्चचा मनोरा, दिसला तसा भाचा मान वर करून खण मोजू लागला. सात काही भरेनात.

"वर काय बघता? नारळ पडेल," वाडीवाल्या आजी ओरडल्या. इतर चर्चांच्या भिंती, कमानी होत्या. छप्पर आणि घंटा नव्हत्या. मामींना मात्र त्या दगडांपेक्षा अफनासी निकितीनच्या स्मारकात जास्त रस वाटला. हा रशियन व्यापारी पंधराव्या शतकात चौल बंदरात उतरला. त्याने विकायला घोडा आणला होता, तो जुन्नरच्या खानाने अडकवून ठेवला. "वाटेत अडवायची रीत जुनीच म्हणायची," मामा म्हणाले. मुंबई-गोवा रस्त्याने आयुष्य काढलेल्या माणसाला इतिहास असा चटकन उमगतो.

साळावचा पूल ओलांडला की कोर्लई. रोह्याची कुंडलिका इथे समुद्राला मिळते, हे मेहुण्यांनी पुलाच्या दोन्ही टोकांना सांगितलं. किल्ल्यावरचं चर्च उघडं पडलेलं, पण पायथ्याच्या गावातलं माउंट कार्मेलचं चर्च नांदतं आहे. 1740 मध्ये पोर्तुगीज गेले आणि मुलूख मराठ्यांकडे आला; माणसं मात्र राहिली, आणि त्यांच्या घरात मराठीशी सोयरीक केलेली पोर्तुगीज बोलीही राहिली. बोलणारे आता हजाराच्या आसपास. भाच्याने शिकून आलेलं एक पोर्तुगीज वाक्य चर्चच्या पायरीवर बसलेल्या मावशींना ऐकवलं. त्यांनी ते नीट ऐकून घेतलं आणि मराठीत विचारलं, "कुठून आलात? पेणहून का?"

आतापर्यंत मनोरा झाला, माणसं झाली. राहिली घंटा.

"ती पालीला," मेहुणे म्हणाले.

भाच्याला पटेना. पण 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली, आणि तिकडच्या चर्चच्या घंटा विजयाची खूण म्हणून देवळोदेवळी गेल्या: भीमाशंकरला, नाशिकच्या नारोशंकराला, वाईजवळ मेणवलीला. त्यांतलीच एक बल्लाळेश्वराच्या वाट्याला आली. तेव्हा रोह्याला जेवून वाकणमार्गे पाली. संकष्टी होती हे कुणाच्याच ध्यानात नव्हतं. रांग पार बाहेर आलेली.

घंटेपाशी पोचल्यावर भाचा हरखला. इंग्लंडात घंटा वाजवणं हे गणितच असतं, तो सांगू लागला. सहा घंटा घेतल्या तर क्रम बदलत बदलत 720 तऱ्हांनी वाजवता येतात, एकही क्रम दोनदा न येता. आणि ही पद्धत बसवणारा फॅबियन स्टेडमन सतराव्या शतकात होऊन गेला, त्याने...

"दादा," मागच्या नारळवाल्याने त्याच्या पाठीवर थाप मारली, "इथं एकच आहे. बघून झाली असेल तर पुढं सरका."