नवरदेव आत, मुकादम मोकळा

बीडमध्ये ऊसतोडीची उचल कोयत्यावर, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीवर मिळते. मग हंगामाआधी पोराला जोडी लागते. तोडीला जाताना पोरीला एकटीला मागे ठेवायचा तिच्या आई-बापांना घोर. उरकलं लग्न! सतराव्या वर्षी ती बाळंतपणाला येते, आधारकार्डावरचं वय बघून डॉक्टरला पोलिसांना कळवावंच लागतं. 2017 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानुसार अठराखालच्या बायकोशी संबंध हा बलात्कार. (योग्यच आहे.) नवरा पोक्सोत आत. 2006 चा बालविवाह प्रतिबंध कायदा आई-बाप नि भटजीलाही धरतो. आईला तेवढी कैद माफ. जोडीमागे पैसे मोजणारा मुकादम? त्याने कुठं अक्षता टाकल्या! तो येतो दारात, तान्ह्याला दहा रुपये देतो आणि बाळंतिणीला विचारतो, “उचल कोण फेडणार, पोरी? अर्ध्या कोयत्यावर येतेस का?”